ईजीएफआर जनुक आणि फुप्फुसाचा कॅन्सर : कोल्हापूरकर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून नातेवाईक आमच्या लॅबच्या काउंटरवर येतात. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. गोळ्यांची नावं माहितीपुरती आहेत. कुणाला कुठली गोळी द्यायची हे तुमचे कॅन्सरतज्ज्ञच ठरवणार. घाईत असाल तर आधी प्रश्न ५ आणि ८ वाचा, बाकीचं सवडीने.

१. ईजीएफआर हे रोगाचं नाव आहे की टेस्टचं?

दोन्ही नाही. ते एका जनुकाचं नाव आहे, आणि त्या जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनाचंही. लांबलचक नाव एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर. जनुक सातव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असतं. त्यावरून १,२१० अमिनो आम्लांची साखळी बनते, तिच्या सुरुवातीचा २४ आम्लांचा तुकडा छाटला जातो आणि उरलेलं प्रथिन पेशीच्या आवरणात आरपार बसतं : एक टोक बाहेर, एक आत. कातडी, फुप्फुस, आतड्याचं अस्तर अशा ठिकाणी ते भरपूर असतं.

थोडक्यात, ईजीएफआर तुमच्यात आहे आणि माझ्यातही आहे. पेशंटच्या गाठीत ते बिघडलंय का (या बिघाडालाच म्युटेशन म्हणतात), आणि बिघडलं असेल तर नेमकं कुठे, एवढंच टेस्टमध्ये पाहतात.

२. आईच्या किडनीच्या रिपोर्टवरही ई-जीएफआर ५२ असं लिहिलंय. म्हणजे म्युटेशन निघालं का?

नाही हो. ते वेगळंच आहे. किडनी मिनिटाला किती गाळण करते याचा रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला तो अंदाज. अक्षरं जुळतात, बाकी काही संबंध नाही. पण हा घोळ आठवड्याला एकदा तरी होतोच. व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा अर्धा फोटो पाठवू नका, पान अख्खं दिसू द्या.

३. धडधाकट माणसात हे प्रथिन करतं तरी काय?

बाहेरून आलेला निरोप पेशीच्या आत पोचवतं. ईजीएफ, टीजीएफ-अल्फा असे सात रेणू वाढीचा निरोप घेऊन येतात आणि प्रथिनाच्या बाहेरच्या टोकाला चिकटतात. चिकटले की प्रथिनाचा दुमडलेला भाग उघडतो आणि शेजारच्या ईजीएफआरशी त्याची जोड लागते. खासबागेत एकट्या पैलवानाने शड्डू ठोकून कुस्ती होत नाही, जोड लागावी लागते. इथेही तसंच आहे. जोड लागली की आतल्या बाजूला दोघे एकमेकांच्या शेपटीवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लांना फॉस्फेट चिकटवतात. हे काम करणाऱ्या भागाला कायनेज म्हणतात.

पुढचा प्रवास मुख्यतः दोन वाटांनी होतो. एक वाट रास, राफ, मेक, अर्क या प्रथिनांच्या साखळीतून केंद्रकापर्यंत जाते आणि पेशीला विभाजन करायला सांगते. दुसरी पीआय३के आणि एकेटी यांच्यातून जाते आणि पेशीला तगून राहायला सांगते. निरोप पोचला की पेशी ती जोडी आत ओढून घेते आणि मोडीत काढते. निरोप थांबवण्याची ही सोय निरोप देण्याइतकीच महत्त्वाची असते.

याचा शोध मजेशीर वाटेने लागला. स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर त्यांचे डोळे वेळेआधी उघडले आणि दातही लवकर आले. अर्कातला तो पदार्थ म्हणजे ईजीएफ. त्याबद्दल १९८६ चं नोबेल कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळून दिलं गेलं.

४. मग त्यातून कॅन्सर कसा होतो?

कायनेज भागातल्या मोक्याच्या जागांचा आराखडा जनुकाच्या १८ ते २१ या एक्झॉनांमध्ये असतो (एक्झॉन म्हणजे जनुकातले प्रथिनाचा आराखडा असलेले तुकडे). तिथे ठरावीक बदल झाला की बाहेरून निरोप आला नाही तरी कायनेज चालूच राहतं. पेशीला थांबायला कुणी सांगतच नाही.

दोन बदल सगळ्यांत जास्त दिसतात. एक्झॉन १९ मधला छोटा तुकडा गळून पडणं हा पहिला; बहुतेक वेळा त्यात पाच अमिनो आम्लं जातात. दुसरा एक्झॉन २१ मधला एल८५८आर, म्हणजे ८५८ व्या जागी ल्युसिनच्या ऐवजी आर्जिनिन येणं. फुप्फुसातल्या ईजीएफआर म्युटेशनांपैकी ८५ ते ९० टक्के या दोघांतच येतात.

यात पेशंटच्या फायद्याची एक गोष्ट आहे. अशी गाठ त्या एकाच निरोपावर जगत असते, त्यामुळे तो तोडला की गाठ झपाट्याने आकसते. हा निरोप तोडणारी गेफिटिनिब ही गोळी आधी आली आणि ती ठरावीक पेशंटांनाच का लागू पडते हे कोडं होतं. २००४ मध्ये ते सुटलं : ज्यांना लागू पडत होती त्यांच्या गाठीत हे बदल सापडले.

५. रिपोर्टमध्ये ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह’ आलंय. आता गोळी चालू करायला हरकत नाही ना?

‘पॉझिटिव्ह’ हा शब्द म्हणजे अर्धंच वाक्य. पुढचा अर्धा भाग वाचल्याशिवाय फाइल मिटू नका. हे पान लिहायचं खरं कारणही हेच आहे.

एक्झॉन १९ डिलीशन (तुकडा गळणं) किंवा एल८५८आर असेल तर गेफिटिनिब, एर्लोटिनिब अशा नेहमीच्या गोळ्या चांगल्या लागू पडतात. जी७१९एक्स, एस७६८आय, एल८६१क्यू हे बदल कमी आढळतात. त्यांच्यावर सगळ्या गोळ्या सारख्या चालत नाहीत. अफाटिनिब किंवा ओसिमर्टिनिब यांचा विचार होतो.

फसवं प्रकरण आहे एक्झॉन २० इन्सर्शन, म्हणजे तिथे जादा तुकडा घुसणं. रिपोर्टमध्ये इथेही ‘पॉझिटिव्ह’च लिहिलेलं असतं आणि घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात. पण या बदलात कायनेजचा खिसा (गोळी जिथे बसते ती खोबण) असा अरुंद होतो की गेफिटिनिब, एर्लोटिनिब सहसा काम करत नाहीत. त्यासाठी अमिव्हँटामॅब हे इंजेक्शन केमोबरोबर देतात. त्याच एक्झॉन २० मधला टी७९०एम हा तिसराच प्रकार, तो प्रश्न ७ आणि १४ मध्ये आलाय.

आणखी एक चकवा. काही रिपोर्टांत ‘ईजीएफआर’ पुढे अधिकची चिन्हं असतात आणि वर ‘आयएचसी’ लिहिलेलं असतं. ही रंग देऊन केलेली तपासणी आहे. पेशीवर प्रथिन किती आहे एवढंच ती दाखवते. साध्या आयएचसीवरून जनुकात बदल आहे की नाही हे ठरत नाही. म्युटेशनसाठी पीसीआर किंवा एनजीएस (डीएनए तपासणाऱ्या दोन पद्धती) केल्याचं रिपोर्टवर लिहिलेलं असायला हवं.

६. आमच्या आक्कांनी जन्मात विडी-सिगारेटला हात लावला नाही. त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कसा?

ईजीएफआर म्युटेशनचा कॅन्सर नेमका अशांतच जास्त दिसतो : धूम्रपान न करणारे, त्यातही बायका, आणि आशियाई लोक. फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारात पाश्चात्त्य देशांत साधारण १० ते १५ टक्के पेशंटांत हे म्युटेशन सापडतं, पूर्व आशियात जवळपास निम्म्यांत. भारत या दोन्हींच्या मधे आहे.

मग चुलीचा धूर, फौंड्रीची धूळ, गुऱ्हाळ? शिरोलीच्या फौंड्रीत काम केलेल्यांचे आणि चुलवणापुढे हंगाम काढलेल्या जळव्यांचे (गुऱ्हाळात जाळ घालणाऱ्यांचे) घरचे हे हमखास विचारतात. सिलिकाची धूळ कॅन्सरकारक ठरलेली आहे, आणि लाकूडफाट्याचा घरातला धूरही संशयितांच्या यादीत वरच आहे. हवेतल्या पीएम २.५ या बारीक कणांबद्दल २०२३ मध्ये महत्त्वाचं संशोधन आलं. फुप्फुसातल्या काही पेशींत ईजीएफआरचा बदल आधीच मुकाट पडून असतो. कणांमुळे तिथे दाह होतो आणि तो त्या पेशींना जागं करतो. पण एखाद्या पेशंटकडे बोट दाखवून ‘यांना यामुळेच झालं’ असं कुणीही सांगू शकत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. विडी ओढणाऱ्यांतही म्युटेशन सापडतं. ‘हे तर चेन स्मोकर, टेस्टचे पैसे कशाला घालवायचे?’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

७. हे आनुवंशिक आहे का? आमच्या मुलांची टेस्ट करून घेऊ का?

बहुतेक सगळ्यांना उत्तर : नाही, आणि नको. बदल फुप्फुसातल्या एखाद्या पेशीत आयुष्यात पुढे केव्हातरी झालेला असतो. तो मुलांकडे जात नाही.

अपवाद एक आणि तो दुर्मीळ. टी७९०एम हा बदल सहसा गोळ्या चालू झाल्यावर उगवतो. एकही गोळी घेतलेली नसताना तो दिसला, आणि जनुकाच्या निम्म्याच्या आसपास प्रतींमध्ये दिसला, तर तो जन्मजात असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारून जनुकीय समुपदेशकाला भेटा.

८. एकदा बायोप्सी झाली होती. आता ‘टिश्यू पुरत नाही’ म्हणून पुन्हा सांगतात. हे मुद्दाम करतात का?

मुद्दाम नाही. ब्लॉक एकदा हातात घेऊन बघा, म्हणजे कळेल. आगपेटीहून लहान प्लास्टिकची चौकट, तिच्यावर पांढरट मेण, आणि मेणात शेवयांच्या चुऱ्यासारखे दोन-तीन तपकिरी धागे. सुईने काढलेला सगळा ऐवज तेवढाच. त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप घेऊन आधी कॅन्सर आहे का हे पाहतात, मग फुप्फुसाचाच आहे का यासाठी आयएचसीचे काप जातात. उरलेल्यातून जनुकाची टेस्ट करायची. त्यात कॅन्सरच्या पेशी अगदीच थोड्या असतील तर मशीनला बदल दिसतच नाही. म्हणून बायोप्सीच्या दिवशीच सांगून ठेवा : म्युटेशनसाठी काप राखून ठेवा.

इथे तीन गोष्टींनी नमुने वाया जाताना दिसतात. तुकडा फॉर्मेलिन या टिकवणाऱ्या द्रावणाऐवजी सलाईनमध्ये घालून पाठवणं ही पहिली. आजरा किंवा गगनबावड्याहून दिवसभराने बाटली येईपर्यंत पेशी कुजायला लागतात. दुसरी, फॉर्मेलिनमध्येच आठवडाभर पडून राहणं; साधारण ६ ते ७२ तास ठीक, त्यापुढे डीएनएचे तुकडे पडतात. तिसरी हाडाच्या बायोप्सीत होते. हाड कापता यावं म्हणून ते आम्लात मऊ करतात, आणि त्या आम्लात डीएनएही खराब होतो. कॅन्सर हाडात पसरला असेल आणि दुसरीकडून तुकडा घेता येत असेल तर तिथून घेणं बरं. हाडातूनच घ्यावा लागला, तर आम्लाऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरून मऊ करा असं आधी सांगता येतं.

छातीत पाणी झालं असेल तर तेही फेकू देऊ नका. त्या पाण्यातल्या पेशींपासून सेल ब्लॉक बनवतात आणि त्यावर टेस्ट नीट होते.

९. रक्तातून टेस्ट होते म्हणे. मग सुई टोचायचीच कशाला?

होते. गाठीतून सुटलेल्या डीएनएचे तुकडे रक्तात फिरतात, ते पकडतात. त्यासाठी खास ट्यूब लागते. साध्या ट्यूबमधलं रक्त इथून पुण्या-मुंबईला कुरियरने गेलं तर वाटेत पांढऱ्या पेशी फुटून नमुना बिघडतो.

नियम असा : रक्तात बदल सापडला तर तो खरा धरतात. नाही सापडला तर ‘नाही’ असं म्हणता येत नाही, कारण गाठ लहान असेल तर रक्तात डीएनए पुरेसा उतरतच नाही. मग बायोप्सीकडे वळावंच लागतं. कॅन्सरचं निदान मुळात झालेलंच नसेल, तर नुसती रक्ताची टेस्ट करून भागत नाही.

१०. आधी चार महिने टीबीच्या गोळ्या दिल्या, मग कॅन्सर निघाला. त्याचा काही परिणाम?

ही गोष्ट इतक्या घरांतून ऐकलीय की वेगळा प्रश्न केला. खोकला, वजन घटणं, एक्स-रेवर डाग ही लक्षणं दोन्हींत सारखी आहेत. थुंकीत जंतू सापडला नसेल आणि महिना-दोन महिने गोळ्या खाऊनही फरक नसेल तर पुढच्या तपासणीचा आग्रह धरा.

गोळ्यांपुरतं सांगायचं तर टीबीवरचं रिफाम्पिसिन यकृताचं काम इतकं वाढवतं की गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब या तिन्हींचं रक्तातलं प्रमाण घसरतं. टीबी खरोखरच असेल आणि दोन्ही उपचार एकदम चालवायचे असतील तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. चिठ्ठ्या वेगवेगळ्या फाइलींत ठेवल्या की हेच निसटतं. टीबीची गोळी मनाने बंद मात्र करू नका.

११. रिपोर्ट यायला वेळ आहे. तोवर थांबायचं की केमो चालू करायची?

पेशंटची तब्येत तग धरणारी असेल तर बहुतेक तज्ज्ञ थांबतात. पीसीआरचा रिपोर्ट काही दिवसांत येतो, एनजीएसला दोन-तीन आठवडे लागू शकतात. अंदाजाने गोळी सुरू करणं चांगलं नाही, हे २००९ मध्ये आशियातल्या मोठ्या चाचणीत स्पष्ट झालं. म्युटेशन असणाऱ्यांत गेफिटिनिब केमोपेक्षा सरस ठरली, पण म्युटेशन नसणाऱ्यांत केमोच कितीतरी बरी होती.

दम फारच लागत असेल तर आधी केमो देतात. यात एक खाच आहे, आणि ती घरच्यांना माहीत असावी. रिपोर्ट यायच्या आत केमोबरोबर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं) दिली आणि नंतर ओसिमर्टिनिब सुरू करावी लागली, तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. ‘ईजीएफआरचा रिपोर्ट बाकी आहे, इम्युनोथेरपी तोवर थांबवता येईल का?’ एवढं विचारायला संकोच नको.

म्युटेशन निघाल्यावरही नुसती गोळी हा एकच मार्ग राहिलेला नाही. एकट्या ओसिमर्टिनिबने रोग आटोक्यात राहण्याचा मध्य काळ जुन्या गोळ्यांच्या १०.२ महिन्यांवरून १८.९ महिन्यांवर गेला. आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलने ३५० पेशंटांवर गेफिटिनिबला केमोची जोड देऊन पाहिली, तर तोच काळ ८ वरून १६ महिन्यांवर गेला. महागडी गोळी परवडत नाही अशा घरांसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे, आणि तो इथलाच आहे.

१२. ऑपरेशनने गाठ काढून टाकली. आता टेस्ट कशाला?

परत उलटू नये म्हणून. सुरुवातीच्या काही टप्प्यांत गाठ काढल्यावर, म्युटेशन असेल तर, तीन वर्षं ओसिमर्टिनिब देण्याचा फायदा चाचणीत दिसला आहे. ऑपरेशनचा ब्लॉक मोठा असतो, त्यामुळे टिश्यू कमी पडण्याची अडचणही नसते.

१३. गोळी सुरू झाल्यापासून तोंडभर पुटकुळ्या, नखं दुखतात, जुलाब. ॲलर्जी आहे का? आणि तांबडा रस्सा चालेल का?

ॲलर्जी नाही. कातडी, नखांची मुळं आणि आतड्याचं अस्तर यांनाही ईजीएफआरचा निरोप लागतो (प्रश्न १ आणि ३), आणि गोळीने तिथलाही निरोप थोडा अडतो. पुटकुळ्या मुरुमांसारख्या दिसतात म्हणून मेडिकलमधून मुरुमांची क्रीम आणून लावू नका, ती कातडी आणखी कोरडी करते. डॉक्टर मलम आणि गरज पडल्यास गोळ्या देतात. सकाळ-संध्याकाळ साधं मॉइश्चरायझर लावा, उन्हात टोपी घाला, नखं फार खोल कापू नका.

जुलाब असतील तेवढे दिवस रस्सा, मिसळ, कटाची आमटी बाजूला ठेवा. मऊ भात, ताक, ओआरएस घ्या. पोट ठीक असेल तर घरचं नेहमीचं जेवण चालतं. एर्लोटिनिब आणि अफाटिनिब रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात, ओसिमर्टिनिबला तशी अट नाही. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर सांगा, कारण गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब शोषून घ्यायला पोटात आम्ल लागतं. या दोन गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट आणि त्याच जातकुळीतलं पपनस टाळा. आणि एर्लोटिनिब घेताना विडी चालू असेल तर औषधाचं रक्तातलं प्रमाण कमी होतं, म्हणजे पैसे धुरात.

एका लक्षणाला मात्र उद्यावर ढकलायचं नाही : नव्याने कोरडा खोकला किंवा वाढलेला दम. क्वचित या गोळ्यांनी फुप्फुसाला सूज येते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढचा डोस घ्यायचा का हेही विचारा.

१४. वर्षभर गोळीने छान चाललं होतं, आता स्कॅनमध्ये पुन्हा वाढ दिसते. गोळी बनावट होती का?

गोळी बहुतेक खरीच होती, गाठ बदलली. गेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब घेणाऱ्या साधारण निम्म्याहून अधिक पेशंटांत टी७९०एम उगवतो आणि गोळीला खिशात टिकू देत नाही. ओसिमर्टिनिब यावरच मात करायला बनवलेली आहे. ती ७९७ व्या जागच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला पक्की चिकटते. पुढे काहींत ते सिस्टीनच बदलतं (सी७९७एस), मग तीही निसटते. कधी गाठ ईजीएफआर सोडून मेट नावाच्या दुसऱ्या जनुकावर जगायला लागते. आणि काही थोड्यांत तिचं रूपच पालटून स्मॉल सेल प्रकार होतो, ज्याची केमो वेगळी असते.

हे रूप पालटणं रक्ताच्या टेस्टमध्ये नीट कळत नाही. म्हणूनच पुन्हा बायोप्सी सांगतात.

१५. भावाला तोंडाचा कॅन्सर आहे. त्याचीही ईजीएफआर टेस्ट करू का?

सहसा गरज नाही. तंबाखू-मिशेरीने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर प्रथिन भरमसाट असतं, पण फुप्फुसासारखं म्युटेशन क्वचितच. तिथे सेटुक्सिमॅब किंवा निमोटुझुमॅब ही इंजेक्शनं प्रथिनाच्या बाहेरच्या टोकाला अडवतात, आणि ती देण्यासाठी म्युटेशनचा रिपोर्ट लागत नाही.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची गंमत आणखी निराळी. सेटुक्सिमॅब तिथेही वापरतात, पण टेस्ट करतात ती रास जनुकांची. कारण उघड आहे : रास ही ईजीएफआरच्या पुढची पायरी. तीच बिघडून चालू राहिली असेल तर वरचं दार बंद करून काय उपयोग?

१६. खर्च झेपेल का?

गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब भारतीय कंपन्या बनवतात, त्या तुलनेने आवाक्यात आहेत. ओसिमर्टिनिब महाग आहे. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यावरचं आयात शुल्क माफ झालं, तरी भार उरतोच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू व्हायच्या आधी विचारा. सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय असो की खासगी दवाखाना, नंतर कागद जुळवताना दमछाक होते.

१७. ब्लॉक आम्हाला मिळतो का? घरी कसा ठेवायचा?

मिळतो. लेखी अर्ज आणि पेशंटचं ओळखपत्र द्या, सही करून घ्या. मूळ हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टची प्रत त्याच पाकिटात ठेवा. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच काउंटरवर ताडून पाहा. अनेक ब्लॉक असतील तर कुठल्यात गाठीचा भाग जास्त आहे हे पॅथॉलॉजिस्टकडून लिहून घ्या.

घरी कपाटात, कोरड्या जागी ठेवा. मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर पाकीट टाकून पुण्याला निघू नका. दुसऱ्या लॅबला दिलात तर उरलेला ब्लॉक परत मागून घ्या आणि पावती जपून ठेवा. प्रश्न १४ ची वेळ आली तर जुना आणि नवा नमुना शेजारी ठेवून पाहावा लागतो.